दुकानदाराच्या घरात एक वकील हवा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी मराठीत म्हण आहे आणि आपला व्यापारी समाज ती इमानाने पाळत आला आहे. पण आपण कोर्टाची पायरी चढलो नाही म्हणून कायदा आपल्या दुकानाची पायरी चढायचा थांबत नाही. उधारीवर गेलेला माल, बँकेतून परत आलेला चेक, चार भावांत तोंडी चाललेली भागीदारी, वालिदांच्या नावावरच राहिलेली जागा, जीएसटीची नोटीस, मशिदीच्या वक्फ जमिनीवर कोणी घातलेले कुंपण, ही सारी प्रकरणे फिरून फिरून वकिलाच्या टेबलावरच जातात.

बारावीचा निकाल लागला की अक्कलकोटच्या कापड बाजारात दरवर्षी एकच चर्चा असते. पोराला दुकानावर बसवायचे, की बी.कॉम.ला घालायचे? वकिलीचे नाव फार थोडे पालक घेतात, आणि घेतात त्यांच्याजवळ माहिती अर्धी असते. कोणी म्हणतो वकील व्हायला फार पैसा लागतो, कोणी म्हणतो उर्दू शाळेतल्या पोराचे ते काम नाही. म्हणून या पानावर या वेळी सुताचा आणि कापडाचा भाव बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

आधी गरज किती आहे ते व्यापाऱ्याच्याच हिशेबाने पाहू. चेक परत आला तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोहोचल्यावर त्याला १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची असते. हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या १३८ कलमाचा रस्ता आहे. आपल्याकडे मात्र “आज देतो, उद्या देतो” यावर भरवसा ठेवून दोन महिने निघून जातात आणि मग माणूस वकील शोधायला निघतो. दिलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. वहीत जुनी बाकी नुसती पुढे ओढत नेल्याने ती मुदत वाढत नाही. भागीदारीचे तर विचारूच नका. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. बाजारातल्या किती पेढ्या नोंदलेल्या आहेत, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी मोजावे. कारागिरांच्या बाजूने २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. ज्याची उद्यम नोंदणी आहे अशा लहान उत्पादकाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे, नाहीतर व्याजासह वसुलीसाठी वेगळ्या परिषदेकडे जाता येते. चादर-टॉवेल विणणाऱ्या कितीतरी कारागिरांच्या कानावर ही गोष्ट अजून गेलेली नाही.

आणि हे सारे आपल्याला नवे वाटायचे कारण नाही. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीच्या व्यवहाराबद्दलच आहे. मुदत ठरवून व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार करावेत, असा हुकूम तिथे आहे. कागद करणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, ही समजूत आपल्या बाजारात कुठून आली कोण जाणे. दीनमधून तरी आलेली नाही.

व्यापाऱ्याच्या घरातून वकील निघण्याची परंपराही जुनी आहे. मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी हे खंबायतहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांचे पहिले शिक्षण मदरशात उर्दू-फारसीचे झाले. पुढे वडिलांनी विलायतेस पाठवले आणि १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात उभे राहिलेले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन त्याआधीच सॉलिसिटर झालेले होते, म्हणजे एका भावाने प्रकरण तयार करावे आणि दुसऱ्याने ते कोर्टात लढावे अशी घरातच सोय झाली. बद्रुद्दीन साहेब १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि त्याआधी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपुरातच वकिली केलेले एम. हिदायतुल्ला १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले.

फार लांब जायला नको. आपल्या सोलापुरात जन्मलेले उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. त्यांच्या घरात वकिली पिढ्यान् पिढ्या होती. त्याच्या उलट उदाहरण सुशीलकुमार शिंदे यांचे. घरची गरिबी, सोलापूरच्या कोर्टात लहानशी नोकरी, ती करत करत शिक्षण, मग कायद्याची पदवी, आणि पुढे २००३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्रिपद. ज्याच्या घरात कोणी वकील नव्हता त्यानेही याच जिल्ह्यातून ही वाट काढली, एवढे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता मूळ वाटेकडे वळू. वकील होण्यासाठी एलएल.बी. ही पदवी लागते आणि तिला दोन रस्ते आहेत. एक रस्ता बारावीनंतरचा, पाच वर्षांचा. त्यात बी.ए. किंवा तशीच दुसरी पदवी आणि कायदा एकत्र शिकवतात. दुसरा रस्ता कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतरचा, तीन वर्षांचा. पहिल्याला बारावीत आणि दुसऱ्याला पदवी परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. बारावी कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणत्याही शाखेची चालते. सायन्स नाही म्हणून अडत नाही.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराच्या किंवा कारागिराच्या मुलाला दुसरा रस्ता अधिक मानवतो. बारावी वाणिज्य करावे, अक्कलकोटातच खेडगी कॉलेजात बी.कॉम. करावे आणि मग सोलापूरच्या दयानंद विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी तीन वर्षांची एलएल.बी. करावी. सोलापूर इथून चाळीसेक किलोमीटर, एस.टी.चा पास काढून जाणारी मुले आहेत. यात पाच वर्षांऐवजी सहा वर्षे जातात हे खरे. पण पहिली तीन वर्षे मूल घरी राहते, संध्याकाळी दुकानावर हात देते, आणि हिशेब, बँक, कर यांचे ज्ञान घेऊन कायद्याकडे येते. ताळेबंद वाचता येणारा वकील तालुक्याच्या कोर्टात शोधून सापडत नाही. शिवाय अठराव्या वर्षी ज्याला आपल्याला काय व्हायचे हे कळलेले नसते, त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत विचाराला वेळ मिळतो. ज्याला दहावीपासूनच वकिलीची ओढ आहे आणि ज्याचे इंग्रजी चांगले आहे, त्याने मात्र पाच वर्षांचाच रस्ता धरावा. त्याचे एक वर्ष वाचते.

दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी प्रवेश परीक्षा आहे आणि आपली मुले सर्वांत जास्त इथेच चुकतात. महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. पालक जूनमध्ये निकालाचा कागद घेऊन कॉलेजात जातात, तेव्हा सीईटीचा अर्ज भरायची मुदत संपून महिने झालेले असतात. मग वर्ष वाया जाते, मुलगा “तोपर्यंत” म्हणून दुकानावर बसतो, आणि ते “तोपर्यंत” जन्मभर चालते. म्हणून बारावीच्या किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच, डिसेंबर-जानेवारीपासून, राज्य सीईटी कक्षाच्या सूचनांवर नजर ठेवावी. शेवटच्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याला निकालाआधी ही परीक्षा देता येते. परीक्षा संगणकावर होते. कायद्याची समज, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी असे विषय असतात. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे गणितही येते. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. ज्या मुलाने रोज एक मराठी वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचले, त्याची निम्मी तयारी तिथेच होते.

याशिवाय राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. बंगळूरचे सर्वांत जुने. हैदराबादचे नालसार १९९८ चे, आणि आपल्याला ते मुंबईपेक्षा जवळ. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन. तिथे जाण्यासाठी क्लॅट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. ती संपूर्ण इंग्रजीत असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, आणि अलीकडे ती डिसेंबरातच होते, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्याही आधी. फी भारी असते. पण तिथून निघालेल्या मुलांना मोठ्या कंपन्यांचे दरवाजे उघडतात. ज्या घरात असे हुशार मूल असेल त्यांनी अकरावीतच तयारी सुरू करावी. बाकीच्यांनी त्याचे दडपण घेऊ नये. तालुका कोर्टात पक्षकार वकिलाचे काम बघतो, त्याच्या कॉलेजचे नाव विचारत नाही.

मुंबई-पुण्याकडे नातेवाईक असतील तर पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे आहे, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. आपल्या समाजाच्या संस्थांतही कायद्याची कॉलेजे आहेत. पुण्याला आझम कॅम्पसमध्ये आहे, मुंबईत अंजुमन-ए-इस्लामचे बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाने आहे, वांद्र्याला रिझवींचे आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थेत त्या समाजासाठी जागा राखीव असतात. सीईटी मात्र तिथेही चुकत नाही.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो, कारण कारागिरांच्या घरांत त्याची गरज आहे. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे एलएल.बी.ला प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी, पदवी हा क्रम मोडलेला चालत नाही. बारावी झालेली असेल आणि नंतरची पदवी मुक्त विद्यापीठाची असेल तर हरकत नाही. मागावर बसल्यामुळे ज्याची शाळा मध्येच सुटली आहे, किंवा जो मदरशातून हाफिज, आलिम होऊन निघाला आहे, त्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून आधी दहावी आणि मग बारावी करून घ्यावी. ती उर्दू माध्यमातूनही करता येते. जवळचा रस्ता दाखवणारे एजंट पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागून तीन वर्षांनी कळते की हातातली पदवी इथे चालत नाही. एलएल.बी. स्वतः पत्राद्वारे होत नाही आणि हजेरीची अटही ७० टक्क्यांची आहे. नाव कॉलेजात आणि माणूस दुकानात, असे इथे चालत नाही.

आता भाषेचा प्रश्न. उर्दू शाळेतल्या मुलाचे हे काम नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की त्यांनी एकदा कोर्टात जाऊन कान देऊन ऐकावे. वकील, फिर्याद, दावा, कैफियत, दरखास्त, वकालतनामा, जामीन, जबाब, मुदत, तारीख, हजर, गैरहजर, मंजूर, नामंजूर, रद्द, ताबा, नक्कल, वारस, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र! मराठी मुलाला ज्या शब्दांचे अर्थ कॉलेजात समजावून घ्यावे लागतात, ते आपल्या मुलाने घरात आणि मक्तबात लहानपणापासून ऐकलेले असतात. शिवशाही-पेशवाईच्या आधीपासून या मुलखाच्या कचेऱ्यांची बोली फारसीत मुरलेली आहे, आणि ती पुढे मराठीत तशीच राहिली.

अडचण शब्दांची नसून लिपीची आणि लिहिण्याच्या वेगाची आहे. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उजवीकडून लिहिणाऱ्या हाताला देवनागरीची ओळ पळत्या वेगाने लिहायला सराव लागतो, हे आम्हाला माहीत आहे. आणि तो सराव करणे भाग आहे. १९९८ पासून राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते. म्हणजे मराठी आली नाही तर तालुक्यात अडेल आणि इंग्रजी आले नाही तर वर जाता येणार नाही. उर्दू शाळेत आठवीपासून मुलाने रोज एक पान मराठीत आणि एक पान इंग्रजीत लिहायचे, मग ते दुकानातल्या बिलावरून असो की वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. नातेवाईकाला मराठीत पत्र, बँकेला मराठीत अर्ज, गिऱ्हाइकाला थकबाकीची मराठीत चिठ्ठी, ही कामे घरातल्या मुलामुलींकडे द्यावीत. चार वर्षांत हात बसतो. शिकवणीच्या फीपेक्षा हे स्वस्त आहे.

मग तीच उर्दू पुढे भांडवल होते. आपल्या अक्कलकोट संस्थानाच्या हद्दीला लागून निजामाचे राज्य होते. आळंद, नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा हा सारा पट्टा १९४८ पर्यंत हैदराबादकडे. तिथल्या जुन्या सनदा, मुंतखब, इनाम जमिनींचे आणि वक्फचे कागद उर्दू-फारसीत आहेत. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधत होती, तेव्हा तिला मोडीबरोबर उर्दूतले जुने दप्तरही धुंडाळावे लागले. असे कागद वाचून त्याचा अर्थ मराठीत लिहून देणारा आणि कोर्टात त्यावर बोलणारा वकील किती मोलाचा ठरेल! वक्फचे प्रकरण तर आज प्रत्येक गावाच्या दाराशी आलेले आहे. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०२५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि मिळकतींची माहिती कागदपत्रांसह केंद्रीय पोर्टलवर भरण्याचे बंधन आले. मुतवल्ली आणि जमातीचे लोक तेव्हा कागद घेऊन कोणाकडे धावले, ते सर्वांनी पाहिले आहे. आमच्या सरहद्दीवर आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कानडी. दुधनी-मैंदर्गीकडचा शेतकरी आपले गाऱ्हाणे कानडीत जितके मोकळे सांगतो तितके मराठीत सांगत नाही. आपली मुले बाजारात ती भाषा फुकट शिकतात.

घरच्या गोष्टींतही हेच आहे. हिबा करायचा तर देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी लागतात. वसीयत एक तृतीयांशापलीकडे चालत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे करायची तर बाकी वारसांची संमती लागते. ही माहिती असलेला वकील घरात असेल तर बहिणीचा वाटा कागदावर येतो. नाहीतर तो तोंडीच राहतो आणि बहुधा बुडतो. असे आम्ही बाजारातल्या चांगल्या चांगल्या घरांत पाहिले आहे.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. उर्दू शाळांत पहिल्या पाचांत मुलीच असतात आणि बारावीनंतर त्यांचेच शिक्षण आधी थांबते. तलाक, नफका, मेहर, वारसा या प्रकरणांत आपल्या बायका परक्या पुरुष वकिलापुढे बसून मनातले सांगू शकत नाहीत; तिथे आपलीच शिकलेली मुलगी हवी. सर्वोच्च न्यायालयात बसलेली देशातली पहिली महिला न्यायाधीश, १९८९ मध्ये, फातिमा बीवी या होत्या. आणि पैशाची सबब मुलींच्या बाबतीत आता फारशी उरलेली नाही. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे.

मुलांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे आणि आर्थिक दुर्बलांसाठी शाहू महाराजांच्या नावाची फी सवलत आहे. शिक्षणासाठी कर्ज देणारे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. अर्ज सीईटीसारखाच मुदतीत भरावा लागतो. आमच्या कारागीर बांधवांपैकी मोमीन, पिंजारी, बागवान, मन्यार अशा कितीतरी जमाती महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जमातीच्या नोंदीचा पुरावा मागतात, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते “मुसलमान” लिहिलेले असते. मग तहसीलमध्ये हेलपाटे. जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत, चुलत आजोबांचा दाखला, कुठेतरी जमातीचे नाव सापडते. हा शोध मूल दहावीत असतानाच घ्यावा. प्रवेशाच्या आठवड्यात कागद मिळत नाही.

पुस्तकांबद्दल एक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. जुन्या बाजारातून अर्ध्या किमतीत कायद्याची पुस्तके आणणाऱ्यांनी आधी साल पाहावे. जुनी कलमे अगदीच रद्दी झालेली नाहीत, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले त्यांवरच चालतात. पण परीक्षा नव्याची आहे.

पदवी झाली की सनद. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र ॲण्ड गोवा यांच्याकडे नाव नोंदवावे लागते. पूर्वी वेगवेगळ्या नावांखाली काही राज्यांत हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. ती रक्कम खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती मराठीतून देता येते, आणि टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके जवळ ठेवू देतात.

इथे दुकानदार पालकांनी नीट कान द्यावा. “मुलगा सकाळी कोर्ट करेल, संध्याकाळी गल्ल्यावर बसेल,” असा हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. बार कौन्सिलचे नियम तसे करू देत नाहीत. सनद घेतलेल्या वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. वाडवडिलांच्या दुकानात वारशाने आलेला हिस्सा त्याला ठेवता येतो, झोपता भागीदार म्हणूनही नाव राहू शकते, पण कारभार बघता येत नाही. म्हणून दोन मुलगे असतील तर कोण दुकान बघणार आणि कोण कोट घालणार हे आधीच ठरवावे, आणि कोट घालणाऱ्याचा वाटा कागदावर स्पष्ट लिहावा. ज्याला धंदाच करायचा आहे त्याने एलएल.बी. करून सनद न घेता दुकान बघितले तरी हरकत नाही. करार वाचता येणारा व्यापारी फसत नाही, फसला तरी उशिरा फसतो.

पहिल्या तीन-चार वर्षांत कमाई जवळजवळ नसते हे आम्ही लपवत नाही. सीनियरकडे बसायचे, फाइली उचलायच्या, तारखा लिहायच्या, टायपिंग करायचे. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने सूचना काढली की ज्युनियरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्यात तिचा फार उपयोग धरू नये. व्यापाऱ्याला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. नव्या गावात दुकान टाकले तर पहिली तीन वर्षे भाडे आणि उधारीच सांभाळावी लागते, तेव्हा गल्ल्यात हात घालत नाहीत. तेवढेच भांडवल इथे घालायचे आहे, आणि ते एका दुकानाच्या पागडीपेक्षा कितीतरी कमी आहे. ज्या घराला तेवढेही झेपत नाही, त्यांच्या एका मुलाचा किंवा मुलीचा तीन वर्षांचा खर्च जमातीने उचलावा. गरजू विद्यार्थ्याला जकात देता येते का, हे आपापल्या मुफ्तींना विचारून ठरवावे. नुसत्या लिल्लाह रकमेतूनही हे काम होते.

पुढचा बाजार आता जवळ आला आहे, हेही सांगायला हवे. आजवर सोलापूर जिल्ह्याचे अपील मुंबईला जात असे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ कोल्हापूरला बसू लागले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले आहेत. मुंबईत खोली घेऊन राहण्याची ताकद नसलेल्या तरुण वकिलाला हायकोर्टाचे काम प्रथमच आवाक्यात आले आहे, आणि तिथे इंग्रजी मसुदा लिहिणारे हात लागणार आहेत. न्यायाधीश व्हायचे असेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या जागेची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्या परीक्षेतही मराठी उत्तम यावी लागते. जीएसटीच्या प्रकरणांत वकिलाला अधिकाऱ्यासमोर उभे राहता येते, आणि कापड बाजारात त्या कामाला तोटा नाही. दहा वर्षे वकिली झाली की नोटरीसाठी अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि मागासवर्गीयांना सात वर्षांनी.

ज्या घरात यंदा दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी सुट्टीत त्याला दोन दिवस अक्कलकोटच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसवून आणावे. न्यायालयाचे काम बहुतेक खुले असते, कोणी अडवत नाही. सकाळी अकराच्या सुमारास पुकारा सुरू होतो. मोबाईल बंद ठेवावा, आणि जाताना वही-पेन्सिल न्यावी.